शून्याचा अहवाल आणि मुलाचे नाव

(मार्केट यार्डातील कार्यकर्त्यांपुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



गुलटेकडीच्या या बाजारात येणाऱ्या मालाची गोणीगणिक नोंद होते. माल कोणाचा, वजन किती, भाव काय, हमाली किती, हे सारे पट्टीवर लिहिलेले असते. परंतु पोटासाठी याच यार्डाच्या आसऱ्याला आलेल्या कुटुंबातील मूल कोणत्या शाळेच्या पटावर आहे, असे विचारले तर उत्तर मिळणे कठीण.

कायद्याचा अभाव हे याचे कारण नव्हे. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आहे. त्याच्या नवव्या कलमानुसार आपल्या हद्दीतील चौदा वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणे व स्थलांतरितांच्या मुलांना प्रवेश मिळवून देणे हे स्थानिक संस्थेचे कर्तव्य आहे. दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. शिवाय गाव सोडणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी कार्ड आहे, शाळाबाह्य मुले शोधणारे बालरक्षक आहेत. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसाचे सर्वेक्षण झाले. जुलै २०२२ मध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झाले.

मग अडते कोठे? अडते ते अहवालाच्या दिशेत. शाळेकडून आकडा वर जातो, वर त्याची बेरीज होते आणि बेरजेत नाव हरवते. शून्य हेच उद्दिष्ट ठरले, की मूल शाळेत आणण्यापेक्षा यादीतून वगळणे सोपे होते. बहुतेक बालरक्षक मुळात शिक्षक. वर्ग सांभाळून त्यांना वस्ती हिंडावी लागते. त्यांना बेरीज काय कामाची? नवे कोण आले, महिनाभर गैरहजर कोण, दिवाळीनंतर ऊसतोडीला कोण निघणार, अशी नावानिशी यादी दरमहा हाती आली, तर आज कोणत्या दारी आधी जायचे हे त्यांना ठरवता येईल.

या यार्डाला हा विचार नवा नाही. बाबा आढावांच्या नेतृत्वाखाली हमाल पंचायतीने येथे संघटना उभारली. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाची नोंद मंडळाकडे आणली. मालक बदलला तरी हमालाचे नाव पुसले जात नाही, हे त्या नोंदीचे सामर्थ्य. शाळा बदलली तरी मुलाचे नाव पुसले जाऊ नये, एवढीच ही मागणी आहे.

नाव लिहून घेणाऱ्याची गरिबाला धास्ती वाटते, आणि ती अकारण नाही. झोपडी पाडणाराही आधी यादीच करतो. म्हणून ही यादी शाळा व बालरक्षक यांच्यापलीकडे जाता कामा नये, आणि पालकाला ती वाचून दाखवली पाहिजे.

कार्यकर्त्यांनी येत्या महिन्यात दोन कामे करावीत. गाळ्यागाळ्यावर व वस्तीत फिरून मुलांची नावे बालरक्षकांना द्यावीत. आणि महापालिकेच्या शिक्षण विभागाकडून प्रत्येक नावापुढे काय झाले, याचे उत्तर दरमहा मागावे. उत्तर आकड्यात आले, तर ते परत करावे.