माफी नव्हे, दुरुस्ती
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी आपणांपुढे एका कागदाची गोष्ट मांडणार आहे. सैन्यातून किंवा आरमारातून बाहेर पडणाऱ्या माणसाच्या हातात सरकार जो शेवटचा कागद ठेवते, तो सेवामुक्तीचा दाखला. त्यावरील एखादा शेरा माणसाचा किती दूरवर पाठलाग करतो, हे कामगार चळवळीत वाढलेल्या आपणांस वेगळे सांगावयास नको. शिक्षा भोगून संपते. शेरा संपत नाही. तुरुंगाचे दार एक दिवस उघडते, पण कागदावरची ओळ पुसण्याचा अधिकार ज्याने ती लिहिली त्याच्याच हाती राहतो.

अमेरिकेच्या सैन्यात ह्या दाखल्याचे पाच दर्जे आहेत. सर्वांत वर ‘सन्माननीय’. त्याखाली ‘सन्माननीय परिस्थितीतील’. म्हणजे सन्मान आहे, पण हातचा राखून. तिसरा ‘सन्माननीयाहून उणा’, चौथा ‘गैरवर्तनाचा’ आणि शेवटचा ‘अप्रतिष्ठेचा’. शेवटचे दोन लष्करी न्यायालयाच्या शिक्षेनेच देता येतात. तिसरा मात्र खटल्याशिवाय, कचेरीतील कार्यवाहीने देता येतो. हा केवळ मानापमानाचा प्रश्न नाही. जून १९४४ मध्ये अमेरिकन काँग्रेसने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांसाठी कायदा केला. त्यात शिक्षणाचा खर्च, घरासाठी कर्जाची हमी आणि बेकारीभत्ता मिळण्याची तरतूद होती. कष्टकरी घरांतील लक्षावधी तरुण त्या बळावर कॉलेजची पायरी चढले. ह्या सर्व दारांची किल्ली म्हणजे तो दाखला.

दाखला वाईट मिळाला तर तो सुधारून घेण्याची सोयही त्याच कायद्याने केली. अर्ज करावयाचा, पुनर्विलोकन मंडळापुढे जावयाचे. परंतु ह्या सोयीचा सांगाडा नीट पाहा. अर्ज सेवामुक्तीपासून पंधरा वर्षांच्या आत आला पाहिजे. मुदत उलटली तर नोंददुरुस्तीचे दुसरे मंडळ आहे. तेथे चूक कळल्यापासून तीन वर्षांची अट, आणि न्यायासाठी ती शिथिल करावी की नाही हे मंडळच ठरवणार. सरकारी अधिकाऱ्यांनी आपले काम रीतसर केले होते असे आरंभीच गृहीत धरले जाते. ते खोटे पाडण्याचा भार अर्जदाराच्या शिरावर. कागदपत्रे सरकारच्या कपाटात आणि पुराव्याची जबाबदारी बडतर्फ माणसाची, असा हा न्याय आहे. शिवाय मोठ्या लष्करी न्यायालयाने दिलेली सेवामुक्ती पहिल्या मंडळाच्या कक्षेबाहेरच राहते.

आता ज्यांच्यासाठी मी हे सारे सांगतो आहे त्या माणसांकडे वळू. कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या ईशान्येस, पोर्ट शिकागो नावाचा आरमाराचा दारूगोळा-धक्का होता. पॅसिफिकमधील युद्धासाठी बॉम्ब, तोफगोळे आणि सुरुंग तेथून जहाजांवर चढत. चढवणारे नौसैनिक सर्व काळे, त्यांच्यावरचे अधिकारी सर्व गोरे. स्फोटके हाताळण्याचे पद्धतशीर शिक्षण कोणासच मिळालेले नव्हते. किती टन माल चढला ह्यावर तुकड्यांमध्ये शर्यत लावली जाई आणि अधिकारी त्यावर आपसांत पैजा मारीत. असे काम अननुभवी माणसांकडून करून घेऊ नका, असे तेथील गोदी कामगारांच्या संघटनेने आरमारास सुचवले होते. शिकवण्यासाठी आपली अनुभवी माणसे देण्याचीही तिची तयारी होती. आरमाराने ऐकले नाही.

१७ जुलै १९४४ च्या रात्री दहा वाजून अठरा मिनिटांनी धक्क्यावरील दारूगोळ्याचा स्फोट झाला. ‘ई. ए. ब्रायन’ आणि ‘क्विनॉल्ट व्हिक्टरी’ ही दोन जहाजे नष्ट झाली. ३२० माणसे मेली. त्यांतील २०२ काळे नौसैनिक होते. वाचलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांना घरी जाण्यासाठी रजा मिळाली. वाचलेल्या काळ्या नौसैनिकांना रजा मिळाली नाही. आपल्याच सोबत्यांच्या देहांचे अवशेष गोळा करण्याचे काम त्यांतील अनेकांच्या वाट्याला आले. मृतांच्या कुटुंबांना पाच हजार डॉलर द्यावेत असे ठरत होते. मेलेल्यांत बहुसंख्य काळे आहेत हे कळल्यावर मिसिसिपीचे प्रतिनिधी रँकिन ह्यांनी रक्कम दोन हजारांवर आणण्याचा आग्रह धरला. अखेर तीन हजारांवर तडजोड झाली. मृत्यूनंतरही वर्णभेदाने हिशोब सोडला नाही.

तीन आठवड्यांनी, ९ ऑगस्ट रोजी, उरलेल्या तुकड्यांना जवळच्या मेअर आयलंड येथे पुन्हा दारूगोळा चढवण्याचा हुकूम झाला. काम तेच, पद्धत तीच. २५८ माणसांनी नकार दिला. दुसरे कोणतेही काम सांगा, आम्ही करू, असे त्यांतील अनेकांचे म्हणणे होते. त्यांना एका तराफ्यावर कोंडण्यात आले. युद्धकाळातील बंडाला देहान्ताची शिक्षा आहे, अशी ताकीद ॲडमिरलने दिली. २०८ जण कामास तयार झाले; तरीही त्यांच्यावर हुकूम मोडल्याचा आरोप ठेवून लहान लष्करी न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. राहिलेल्या पन्नास जणांवर बंडाच्या कटाचा खटला एकत्र चालवण्यात आला. २४ ऑक्टोबर १९४४ रोजी न्यायाधीश अधिकाऱ्यांनी सुमारे ऐंशी मिनिटे विचार करून पन्नासही जणांना दोषी ठरवले. एका माणसाच्या वाट्याला दोन मिनिटेही आली नाहीत. शिक्षा पंधरा वर्षांची सक्तमजुरी आणि अप्रतिष्ठेची सेवामुक्ती. पुढे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पहिले काळे न्यायमूर्ती झालेले थरगुड मार्शल त्या वेळी तरुण वकील होते. ते खटला ऐकावयास बसले आणि बाहेर येऊन त्यांनी ह्या अन्यायाविरुद्ध रान उठवले.

येथे एक प्रामाणिक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. युद्ध चालू आहे, आघाडीवरच्या सैनिकांना गोळे हवे आहेत. अशा वेळी प्रत्येक हुकमाची चर्चा सुरू झाली तर सैन्य चालेल कसे? हा प्रश्न टाळण्यासारखा नाही. फॅसिझमविरुद्धचे ते युद्ध जिंकलेच पाहिजे होते, असे मानणाऱ्यांपैकीच आपण आहोत. परंतु शिस्त ही दुहेरी गोष्ट आहे. हुकूम पाळण्याची जबाबदारी जेवढी खालच्याची, तेवढीच माणसाला शिकवून, सुरक्षित साधने देऊन कामास लावण्याची जबाबदारी वरच्याची. पैजा लावणाऱ्या अधिकाऱ्यांपैकी कोणावर खटला झाला नाही. आणि नकार देणे वेगळे, सत्ता उलथण्याचा कट वेगळा. भ्यालेल्या आणि सोबती गमावलेल्या मजुरांच्या संपाला बंड हे नाव दिले गेले, कारण तो संप गणवेशात झाला होता.

युद्ध संपले. जानेवारी १९४६ मध्ये पन्नासांपैकी बहुतेकांना सोडण्यात आले. राहिलेली सेवा त्यांना पुरी करू दिली आणि ‘सन्माननीय परिस्थितीतील’ दाखला देऊन घरी पाठवले. पुढच्याच महिन्यात अमेरिकन आरमाराने वर्णभेदाची व्यवस्था अधिकृतपणे रद्द केली. म्हणजे धडा घेतला, पण ज्यांनी तो शिकवला त्यांच्या नावापुढील बंडखोरीचा ठपका तसाच ठेवला. त्यांतील अनेकांनी ही हकिगत वर्षानुवर्षे आपल्या मुलाबाळांनाही सांगितली नाही.

मग दाद मागण्याचा प्रश्न आला. १९९४ साली आरमाराने प्रकरण पुन्हा तपासले. काळ्या नौसैनिकांना हे काम दिले जाण्यामागे वर्णभेद होता हे मान्य केले. पण खटल्यावर त्याची छाया नव्हती, असा निष्कर्ष काढून निकाल कायम ठेवला. डिसेंबर १९९९ मध्ये वृद्ध फ्रेडी मीक्स ह्यांना अध्यक्ष क्लिंटन ह्यांनी माफी दिली. परंतु त्यांच्या काही सोबत्यांनी माफीचा अर्ज करण्यास नकार दिला होता. पन्नासांचा पुढारी ठरवला गेलेला जो स्मॉल ह्याची भूमिका स्पष्ट होती. माफी म्हणजे तुम्ही गुन्हा केलात, पण आम्ही सोडून देतो. आम्हांला सोडून देणे नको, निकालच रद्द करून हवा. मीक्स ह्यांना मी दोष देत नाही. आयुष्याच्या संध्याकाळी मनावरचा भार उतरवू पाहणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार कोणासही नाही. पण स्मॉल ह्याने दाखवलेला फरक आपण मनात कोरून ठेवावा. माफीत देणारा मोठा होतो. दुरुस्तीत चूक करणाऱ्याला आपली चूक लिहून द्यावी लागते.

ती लिहून मिळाली १७ जुलै २०२४ रोजी, स्फोटास बरोबर ऐंशी वर्षे झाली त्या दिवशी. आरमारमंत्री कार्लोस डेल टोरो ह्यांनी राहिलेल्या सर्व २५६ जणांना निर्दोष ठरवले. आरमाराच्याच कायदा सल्लागारांना खटल्यांत गंभीर दोष आढळले होते. हितसंबंध परस्परविरोधी असताना आरोपींना एकत्र चालवले, वकिलाचा खरा आधार मिळू दिला नाही, आणि स्फोटाच्या चौकशीचा अहवाल पुरा होण्यापूर्वीच खटले उरकले. त्या अहवालात माल चढवण्याच्या पद्धतीत सुधारणा करण्याच्या एकोणीस शिफारशी होत्या. म्हणजे त्या माणसांची भीती खरी होती, ह्याचा पुरावा सरकारच्याच टेबलावर तयार होत होता. अन्य काही कारण आड येत नसेल तेथे त्यांच्या सेवामुक्तीही ‘सन्माननीय’ ठरल्या. परंतु हा निर्णय ऐकावयास त्या २५६ जणांपैकी एकही जिवंत नव्हता.

ह्या निर्णयातून मला एकच गोष्ट आपणांस सांगावयाची आहे. जो अन्याय समूहावर झाला, तो एकेकट्याच्या अर्जाने धुऊन निघत नाही. समूहाला एका हुकमाने शिक्षा करावयाची आणि न्याय मात्र एकेकट्याने, स्वखर्चाने, मुदतीत मागावयाचा, ही व्यवस्थाच दुर्बळाच्या विरुद्ध आहे. पोर्ट शिकागोत अर्ज आणि माफी ह्या वाटांनी पंचावन्न वर्षांत एका माणसाला दिलासा मिळाला. सामुदायिक दुरुस्तीने एका सहीत २५६ नावे स्वच्छ झाली.

आपल्या घरातही हे पाहा. त्या पन्नासांपैकी बहुतेक जण सुटले त्याच्या पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी १९४६ रोजी, मुंबईत कुलाब्याच्या ‘तलवार’ केंद्रावरील नौसैनिकांनी निकृष्ट अन्न आणि अधिकाऱ्यांच्या शिव्या ह्यांविरुद्ध संप पुकारला. त्यांच्या मागण्यांत आझाद हिंद सेनेच्या कैद्यांची मुक्तताही होती. २२ तारखेस मुंबईच्या कामगारांनी त्यांच्यासाठी हरताळ पाळला आणि त्या दिवसांच्या गोळीबारांत दोनशेंहून अधिक नागरिकांनी प्राण दिले. सूडबुद्धीने कारवाई होऊ नये म्हणून प्रयत्न करू, असे राष्ट्रीय नेत्यांनी सांगितल्यावर २३ तारखेस नौसैनिकांनी शरणागती पत्करली. आश्वासन हवेत विरले. ४७६ जण नौदलातून काढले गेले. दीड वर्षाने देश स्वतंत्र झाला, त्याचे दोन भाग झाले. पण भारताच्या नौदलाने त्यांना परत घेतले नाही आणि पाकिस्तानच्याही नाही. पुढे केंद्र सरकारच्या स्वातंत्र्यसैनिक निवृत्तिवेतन योजनेत ह्या उठावाला स्थान मिळाले. २०२२ च्या प्रजासत्ताकदिनी नौदलाच्या चित्ररथावर तो उठाव दिल्लीच्या राजपथावरून मिरवलाही. गौरव झाला, ह्याचा आनंद आहे. पण जी नोकरी तरुणपणी हिरावली गेली ती चित्ररथाने परत येत नाही.

ह्याच्या उलट उदाहरणही आपल्याकडेच आहे. मे १९७४ च्या रेल्वे संपात हजारो कामगार बडतर्फ झाले. १९७७ साली सत्तांतर झाल्यावर त्यांना पुन्हा कामावर घेण्यात आले. प्रत्येकाने आपला निरपराधीपणा स्वतंत्रपणे सिद्ध करावा अशी वाट पाहिली गेली नाही. तीन वर्षांत जे होऊ शकले ते अमेरिकेत ऐंशी वर्षे का लागावे? कारण येथे मागे उभी असलेली संघटना जिवंत होती. तेथे संघटना करणे हाच गुन्हा ठरवला गेला होता.

म्हणून कार्यकर्त्यांनी दोन गोष्टी पदरात बांधाव्यात. पहिली ही की, कोणताही लढा मागे घेताना वेतनाच्या कलमाइतकेच महत्त्व नोंदीच्या कलमाला द्या. कोणाच्याही सेवापुस्तकात ह्या लढ्याबद्दल प्रतिकूल शेरा राहणार नाही, हे लेखी घ्या. तोंडी आश्वासनाची किंमत १९४६ च्या मुंबईने मोजली आहे. दुसरी गोष्ट कष्टाची आहे आणि ती कोणी वाखाणणार नाही. कमी केलेल्या प्रत्येक माणसाचे नाव, हुद्दा, तारीख आणि मिळालेल्या कागदाची नक्कल संघटनेच्या कचेरीत जपून ठेवा. सरकारचे कपाट आपल्यासाठी उघडे राहील अशा भरवशावर बसू नका.

पोर्ट शिकागोच्या धक्क्याजागी आज राष्ट्रीय स्मारक आहे. मेलेल्या ३२० जणांची नावे तेथे दगडात कोरलेली आहेत. जे जगले त्यांची नावे स्वच्छ व्हावयास मात्र ऐंशी वर्षे लागली. आपल्या कचेरीतील वहीत आज लिहिलेल्या नावावर ती पाळी येऊ नये, एवढीच माझी विनंती आहे.