गाडीचे कागद आणि बाईचं नाव

(नांदेड व लातूर जिल्ह्यांतील कार्यकर्त्यांच्या अहमदपूर येथील शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



शिबिराच्या कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'जुनी वाहने : खरेदी, कर आणि दुरुस्ती' असं छापलेलं पाहून सकाळी चहाच्या वेळी दोघीतिघींनी मला विचारलं, "ताई, हा विषय आपल्या शिबिरात कसा काय? गाड्याघोड्यांचं पुरुष बघतात की." त्याच वाक्यापासून सुरुवात करते. गाडीचा व्यवहार पुरुष करतात हे खरं. पण तो चुकला की निस्तरायला बाई पुढे येते, हेही तितकंच खरं आहे. आपल्या सल्ला केंद्रात मी हे वारंवार पाहिलं आहे.

तीन बाया सांगते. नावं सांगणार नाही.

पहिली मुखेड तालुक्यातली. नवऱ्यानं जुनी मोटारसायकल घेतली. पैसे तिच्या बचत गटाच्या कर्जातले, म्हणजे कर्ज तिच्या नावावर. गाडी मात्र कागदावर पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली. "करू की सावकाश" म्हणता म्हणता दीड वर्ष गेलं. एका रात्री गाडी घसरली आणि तो गेला. समोर दुसरं वाहन नव्हतं, त्यामुळे दाव्यात दुसऱ्या कुणाला धरता येईना. आता पाहा, विम्यात मालक-चालकाच्या अपघाती मृत्यूसाठी एक वेगळं संरक्षण असतं. 2018 पासून ते किमान 15 लाख रुपयांचं आहे. पण ते मिळतं कुणाला? आर.सी. बुकावर ज्याचं नाव आहे, विमा ज्याच्या नावावर आहे आणि ज्याच्याकडे लायसन आहे त्याला. हा माणूस कागदावर मालकच नव्हता. नाव बदलायची सरकारी फी काही शेकड्यांत आहे. ती वाचवली, आणि बाईच्या पदरात गटाचे हप्ते तेवढे उरले.

दुसरी देगलूरकडची अंगणवाडीताई. तिनं आपली स्कूटर एजंटाला विकली. एजंटानं कोऱ्या टी.टी. फॉर्मवर सह्या घेतल्या, पैसे दिले, विषय संपला असं तिला वाटलं. तीन वर्षांनी ट्रिब्युनलची नोटीस आली. स्कूटरनं एका म्हाताऱ्याला उडवलं होतं, विमा संपलेला होता आणि मालक म्हणून नाव हिचं. सर्वोच्च न्यायालयानं 2018 सालच्या एका निकालात स्पष्ट सांगितलं आहे की अपघाताच्या दिवशी नोंदीत ज्याचं नाव आहे तोच कायद्यानं मालक. गाडी पुढे किती हातांत गेली याच्याशी जखमी माणसाला देणंघेणं नाही. जखमीच्या बाजूनं पाहिलं तर हे न्याय्यच आहे. पण आमची ताई आजही वकिलाकडे खेटे घालते.

तिसरी निलंग्याची. 2024 मध्ये 'लाडकी बहीण' योजना आली तेव्हा अट होती की कुटुंबातल्या कुणाच्याही नावावर ट्रॅक्टर सोडून दुसरं चारचाकी वाहन नोंदलेलं नसावं. 2025 च्या सुरुवातीला त्याची पडताळणी झाली. हिच्या दारात सायकलसुद्धा नाही. पण नवऱ्यानं पूर्वी विकलेली जीप कागदावर अजून त्याच्याच नावावर! महिन्याचे दीड हजार रुपये अडकले, तेव्हा कुठे त्या जीपचा शोध सुरू झाला.

तिघींमध्ये समान काय आहे ते तुमच्या लक्षात आलं असेल. गाडी हातात येणं म्हणजे व्यवहार झाला, असं आपण धरतो. कायदा तसं धरत नाही.

आता माझी स्वतःची फजिती. मी एम.एस.डब्ल्यू. करून नांदेडला कामाला लागले. खेड्यापाड्यांत फिरायला गाडी हवी होती. एका विक्रेत्याकडे निजामाबादची स्कूटर स्वस्तात मिळाली. "कागद आठ दिवसांत देतो, ताई," तो म्हणाला. मी बायकांना सांगत फिरायची की वाचल्याशिवाय सही करू नका, आणि स्वतः मात्र एन.ओ.सी. न बघता पैसे मोजले. पुढे कळलं की गाडीवर फायनान्सचा बोजा आहे आणि चलनंही थकलेली आहेत. सात महिने लागले. म्हणून पुढे जे सांगते ते पुस्तकातलं कमी आणि अंगावर शेकलेलं जास्त आहे.

कागद आधी, पैसे नंतर

गाडी बघायला जाण्याआधीच नंबर मागून घ्या. 'एम-परिवहन' अॅपवर किंवा परिवहनच्या संकेतस्थळावर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा, पी.यू.सी., बोजा यांची बरीच माहिती दिसते. चलन वेगळं तपासा. मोबाईल जमत नसेल तर गटातल्या कॉलेजच्या मुलीला बसवा. बोजा असेल तर फायनान्स कंपनीचं फॉर्म 35 आणि कर्ज फिटल्याचं पत्र मिळाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

विकणारा मालकच आहे का, ते आर.सी. आणि आधार समोरासमोर ठेवून पाहा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर गाडीवर स्वतः वाचा. अक्षरं घासलेली, पुन्हा ठोकलेली वाटली तर तिथूनच परत फिरा.

राज्यातल्या राज्यात व्यवहार असेल तर फॉर्म 29 आणि 30 लागतात. विकणाऱ्यानं 14 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचं आणि घेणाऱ्यानं 30 दिवसांत नाव लावून घ्यायचं. विम्याचंही नाव 14 दिवसांत बदलायला अर्ज करा. विकणाऱ्या बाईनं कोऱ्या फॉर्मवर सही करू नये. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख आणि वेळ लिहिलेली पावती करून, तिची प्रत आणि घेणाऱ्याच्या आधारची प्रत जपून ठेवावी. 2023 च्या एप्रिलपासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांना आर.टी.ओ.कडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि गाडी त्यांच्या ताब्यात दिल्याची नोंद फॉर्म 29-सी मध्ये करता येते. विक्रेत्याला विचारा, "अधिकारपत्र दाखवा."

1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असेल तर तिला नवी सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, तेही बघा.

सीमेपलीकडची गाडी

परदेशातून जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी चालत नाही आणि ड्यूटी जबर असते. तो आपला प्रांत नाही. आपली 'आयात' म्हणजे बिदर, निजामाबाद आणि आदिलाबाद. उदगीर-देगलूर-धर्माबाद-किनवट पट्ट्यात रोटीबेटीचा व्यवहार जितका सीमेपलीकडे, तितकाच गाड्यांचाही. के.ए. 38 म्हणजे बिदर. तेलंगणाच्या गाड्या 2014 पासून टी.एस. आणि 2024 च्या मार्चपासून टी.जी. आणि त्याआधीच्या ए.पी.

तिकडे गाडी स्वस्त दिसते. पण हिशेब पूर्ण करा. जिथे नोंद आहे तिथल्या आर.टी.ओ.ची एन.ओ.सी., म्हणजे फॉर्म 28, विकणाऱ्याकडून आधी घ्या. मग इकडे नव्या नंबरासाठी फॉर्म 27, नाव बदलण्याचे फॉर्म, पत्त्याचा पुरावा, विमा, पी.यू.सी. आणि गाडीची प्रत्यक्ष तपासणी. त्यावर आपल्या राज्याचा एकरकमी कर. इथे बाया फसतात. गाडी 25 हजारांना घेतली म्हणून कर 25 हजारांवर बसत नाही. गाडी नवी असतानाची किंमत आणि तिचं वय, यावरून तो ठरतो. तिकडे भरलेल्या कराचा उरलेला भाग तिकडच्या कार्यालयातून परत मागता येतो, पण त्याला हेलपाटे आहेत. तो पैसा हातात आलाच असं धरून गाडी घेऊ नका.

"बारा महिने परराज्याचा नंबर चालतो" असं एजंट सांगतात. ही मुदत नवा नंबर घेण्याची आहे. मालकी बदलल्याची नोंद इतके दिवस लांबवायची ती सवलत नाही.

पंधरा वर्षं झालेली खासगी गाडी घेताना आणखी सावध राहा. फेरनोंदणी करावी लागते आणि पर्यावरण कर भरावा लागतो. 2022 मध्ये फेरनोंदणीची फी दुचाकीला 300 वरून 1000 आणि मोटारीला 600 वरून 5000 रुपये झाली. वीस वर्षांपुढच्या गाड्यांना 2025 मध्ये ती आणखी वाढली. जी.एस.टी.बद्दल मात्र घाबरवलं तर घाबरू नका. 2025 च्या जानेवारीपासून जुन्या गाड्यांवर 18 टक्के झाला तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर. एका घरानं दुसऱ्या घराला गाडी विकली तर तो लागत नाही.

फिटरकडे जाताना

गॅरेजात गेलं की पहिलं वाक्य ऐकू येतं, "ताई, साहेबांना पाठवा ना." लाजू नका. उभ्या राहा, विचारा. विकणाऱ्याच्या ओळखीचा नको, आपल्या ओळखीचा फिटर सोबत न्या आणि त्याची मजुरी द्या. दोनशे-चारशे रुपयांत पुढचे हजारो वाचतात.

गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. आधीच तापवून ठेवली असेल तर शंका घ्या. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल खातं आहे, रिंग-पिस्टनचं काम निघू शकतं. काळा धूर म्हणजे इंधन जास्त जळतं आहे. मीटरवर आकडा कमी पण पायडल, ग्रिप आणि टायर झिजलेले, तर मीटर मागे फिरवलेलं असू शकतं. एकीकडचाच टायर झिजला असेल तर चेसिस किंवा फोर्क वाकलेला आहे का ते पाहायला सांगा. हैदराबादकडची चारचाकी असेल तर मॅटखाली हात घालून बघा. 2020 च्या ऑक्टोबरमधला तिथला पूर आठवा. गाळ आणि कुबट वास लपत नाही.

दुरुस्तीला टाकताना काम आणि अंदाजे खर्च चिठ्ठीवर लिहून घ्या, बदललेले जुने पार्ट परत मागा. बिल मागितलं की निम्मी लबाडी कमी होते.

नाव कुणाचं?

आता मुद्द्याचं. शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या मोहिमेत शेतीवर बाईचं नाव लावायला सांगितलं. आपण सातबारा आणि घराच्या नोंदीसाठी भांडतो. गाडी मात्र 'त्याची' म्हणून सोडून देतो. कर्ज बचत गटाचं असेल, माहेरनं पैसे दिले असतील, तर आर.सी. तिच्या नावावर का नको? उद्या घरातून काढून दिलं तर तो कागद पुरावा होतो. कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली अर्ज केला तर स्त्रीधन आणि सामाईक मालमत्ता विकायला न्यायालय मनाई करू शकतं. पण मालमत्ता होती हे दाखवायला कागद लागतोच.

यावर एक मैत्रीण म्हणेल, "नाव माझं आणि चालवणार तो. दारू पिऊन ठोकली तर नोटीस मला." बरोबर आहे तिचं. म्हणून नुसतं नाव लावून चालणार नाही. विमा चालू आहे का, चालवणाऱ्याकडे लायसन आहे का, हे तिनंच बघायचं आणि किल्लीवरही तिचा हक्क असायला हवा. हक्काबरोबर जबाबदारी येते. ती नको म्हणून हक्क सोडायचा, हे आपल्याला आजवर शिकवलं गेलं.

गाडी नवऱ्याच्या नावावर असेल तर निदान वारसाचं नाव लावून घ्या. 2021 पासून आर.सी.वर नॉमिनी नोंदवता येतो. मालक गेला तर 30 दिवसांत आर.टी.ओ.ला कळवून तीन महिने गाडी वापरता येते, आणि तेवढ्यात फॉर्म 31 भरून नाव लावून घ्यायचं असतं. त्या दिवसांत दीर गाडी घेऊन जातो आणि बाई रडण्यात असते. अशा घरी भेटीला जाल तेव्हा धीर द्या, आणि निघताना गाडीचे कागद कुठे आहेत तेही विचारा.

एक काम देते. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातल्या सगळ्या गाड्यांचे नंबर लिहून आणायचे, विकलेल्यासुद्धा. गटात बसून एकेक नंबर तपासू. ज्या गाड्या विकूनही आपल्याच नावावर निघतील त्यांची यादी करू आणि आर.टी.ओ.मध्ये एकटीदुकटी न जाता मिळून जाऊ. माझ्या सात महिन्यांत मी एकटी गेले तेव्हा खिडकीवरून खिडकीवर फिरवलं गेलं. पाचजणी गेलो त्या दिवशी बसायला खुर्ची मिळाली आणि कामही झालं.