माझी पेन्शन कोण भरतं?

(मंडई परिसरात झालेल्या युवा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



पैशाविषयी बोलणाऱ्याने आधी आपला खिसा दाखवावा. मी एका सरकारी कार्यालयात लेखा विभागात ३१ वर्षं नोकरी केली. १९८८ ला लागलो, २०१९ ला निवृत्त झालो. म्हणजे मी जुन्या पेन्शनवाला. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, वर महागाई भत्ता, दर महिन्याला माझ्या खात्यात येतो. या पेन्शनसाठी माझ्या पगारातून कधी एक रुपयाही कापला गेला नाही. आणि ती रक्कम कुठल्या तिजोरीत माझ्या नावाने साठवलेलीही नाही. या वर्षी सरकारकडे जो पैसा जमा होतो, त्यातून या वर्षीची पेन्शन वाटली जाते. थोडक्यात, माझी पेन्शन तुम्ही भरता.

काही जण हसताय. ‘चाचा, आम्ही कुठे टॅक्स भरतो?’ असं तुमच्या मनात असणार. तुमच्यातले किती जण मोबाईल रिचार्ज करतात? २९९ रुपयांच्या रिचार्जमधले जवळजवळ ४५ रुपये जीएसटीचे असतात. त्यातले निम्मे राज्याचे. गाडीत पेट्रोल टाकलं की राज्याचा व्हॅट. दुकानाचं वीजबिल भरलं की वीज शुल्क. भाडेकरार नोंदवला की मुद्रांक शुल्क. उलट, ‘मी करदाता आहे’ असं छातीठोकपणे सांगणारा पगारदार माणूस ज्या इन्कम टॅक्सबद्दल बोलत असतो, तो आधी दिल्लीला जातो आणि त्यातला काही हिस्सा राज्याकडे परत येतो. राज्याची तिजोरी मुख्यतः खरेदीवरच्या करांवर चालते. बाहेर हातगाडी लावणारा माणूस राज्याचा करदाता आहेच, आणि कमाईच्या मानाने बघितलं तर मोठ्या साहेबापेक्षा तोच जास्त भरतो. साहेबाचा अर्धा पगार बचतीत जातो, याची सगळी कमाई खर्च होते.

हे आधी सांगितलं, कारण मार्च २०२३ मधला संप तुम्हाला आठवत असेल. १४ मार्चला राज्यातले सरकारी आणि निमसरकारी कर्मचारी संपावर गेले. शिक्षक, परिचारिका, तलाठी, लिपिक, सगळे. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गावोगावी ऐकू आली. २० तारखेला संप मिटला. त्या आठवड्यात आपल्या मोहल्ल्यातल्या पोरांचे जे मेसेज मी वाचले, त्यांचा सूर एकच होता: भांडण त्यांचं आहे, आपला काय संबंध?

हा सूर कुठून येतो ते मला कळतं. २००६ च्या सच्चर समितीच्या अहवालात महाराष्ट्राचे आकडे आहेत. लोकसंख्येत मुसलमान १०.६ टक्के, राज्य सरकारच्या नोकऱ्यांत ४.४ टक्के. ज्या घरात तीन पिढ्यांत कुणी सरकारी पगार पाहिला नाही, त्या घराला पेन्शनचा संप म्हणजे दुसऱ्याच्या लग्नातली वरात. पण वरातीचं बिल आपल्या नावावर फाटत असेल, तर निदान ते वाचायला तरी हवं.

आता संघटनांची बाजू. ती पोकळ नाही. माझ्या शेजारच्या टेबलावर २००६ मध्ये लागलेली एक मुलगी होती. काम तेच, साहेब तोच, शिव्या त्याच. पण १ नोव्हेंबर २००५ नंतर लागली म्हणून तिला नवी पेन्शन. तिच्या पगारातून १० टक्के कापायचे, सरकारने आता १४ टक्के घालायचे, तो पैसा बाजारात गुंतवायचा, आणि निवृत्त झाल्यावर फंड किती जमला आणि बाजार कसा होता त्यावर पेन्शन ठरणार. मला किती मिळणार हे मला आधी माहीत होतं. तिला नव्हतं. म्हातारपणाची रक्कम आधी माहीत असावी, ही मागणी मला अजूनही रास्त वाटते.

सरकारचं म्हणणं काय होतं? देवेंद्र फडणवीस तेव्हा अर्थमंत्री होते. डिसेंबर २०२२ च्या नागपूर अधिवेशनात ते म्हणाले की जुनी पेन्शन लागू केली तर १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल आणि राज्य दिवाळखोरीत जाईल. यातली भीती सगळी खोटी नाही. हिमाचल प्रदेशाने २०२३ मध्ये जुनी पेन्शन परत आणली. सप्टेंबर २०२४ मध्ये तिथे पगार ५ तारखेला आणि पेन्शन १० तारखेला देण्याची वेळ आली. त्याला एकटी पेन्शन कारण नव्हती, पण तिजोरी किती ताणलेली होती ते दिसलं. अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेलं, तेव्हा महापालिकेच्या निवृत्त कर्मचाऱ्यांची पेन्शन कापली गेली. आज टाळ्या घेऊन वचन द्यायचं आणि पैसे बाजूला ठेवायचे नाहीत, याचा फटका शेवटी म्हाताऱ्यालाच बसतो.

पण ‘पैसेच नाहीत’ हे वाक्यही मी तसंच्या तसं मानत नाही. संपानंतर पंधरा महिन्यांनी, विधानसभेच्या निवडणुकीआधी, याच राज्याने वर्षाला ४६ हजार कोटींची लाडकी बहीण योजना जाहीर केली. माझ्या बहिणीलाही ते १५०० रुपये मिळतात. तिच्या हातात स्वतःचे असे पहिले पैसे तेच. त्या योजनेला मी नावं ठेवणार नाही. एवढंच म्हणतो की ज्या तिजोरीत काही नव्हतं, त्याच तिजोरीतून हे निघालं. ‘पैसे नाहीत’ याचा सरकारी भाषेतला अर्थ बहुतेकदा ‘तुमच्यासाठी नाहीत’ असा असतो.

१० मार्च २०२५ ला अजित पवारांनी मांडलेला २०२५-२६ चा अर्थसंकल्प घ्या. महसुली तूट ४५,८९१ कोटी. कर्जाचा डोंगर ९ लाख ३२ हजार कोटींवर जाईल असा अंदाज. माणशी भागाकार केला तर सत्तर हजारांच्या वर जातो. राज्याच्या उत्पन्नाच्या तुलनेत हे १९ टक्क्यांच्या आत आहे. त्यामुळे राज्य उद्या बुडतंय असं कुणी सांगितलं तर घाबरू नका. काळजी तुटीची करा. मंडईत माल भरायला उसने घेणारा बागवान शहाणा असतो, माल विकून तो फेडतो. घरात भाकरीसाठी रोज उसने घेणारा बागवान वर्षभरात गाळा विकतो. महसुली तूट म्हणजे भाकरीची उधारी. पगार, पेन्शन आणि व्याज या तीन गोष्टींतच महसुली जमेचा निम्म्याहून जास्त भाग जातो. उरलेल्यातून दवाखाने, शाळा, रस्ते, सगळं.

मग सरकार खर्च कमी कसा करतं? पेन्शन कापायची हिंमत कुणात नाही, कारण लाखो कर्मचारी आणि त्यांची घरं म्हणजे मतं. पगार कापता येत नाही. व्याज टाळता येत नाही. एक रस्ता उरतो: माणूस निवृत्त झाला की त्याची जागा भरायची नाही. माझी जागा मी गेल्यावर तीन वर्षं रिकामी होती. तिच्यावर कुणी मोर्चा काढला नाही, कारण रिकाम्या खुर्चीची संघटना नसते. खरी कपात तिथे होते, आणि तिची किंमत तुम्ही देता. एकदा ससूनच्या रांगेत उभे राहून बघा. मेडिक्लेमवाला माणूस तिथे येत नाही. सरकारी परिचारिका कमी पडली तर आपली अम्मी खोळंबते. उर्दू शाळेत एकच मास्तर तीन वर्ग सांभाळतो तेव्हा आपला भाऊ कच्चा राहतो.

ऑगस्ट २०२२ मध्ये स्वातंत्र्याच्या पंच्याहत्तरीनिमित्त ७५ हजार जागा भरण्याची घोषणा झाली. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज आले दहा लाखांवर. फी खुल्या गटाला १००० रुपये, मागासवर्गीयांना ९००. बेकार पोरांकडून एका भरतीत गोळा झालेला हा पैसा किती, त्याचा गुणाकार तुम्हीच करा. त्याच सप्टेंबरमध्ये नऊ खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी माणसं घेण्याचा शासन निर्णय निघाला. ओरड झाली, ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. निर्णय रद्द झाला, कंत्राटी पद्धत मात्र आधीही होती, नंतरही राहिली. सरकारी दवाखान्यात, महापालिकेच्या झाडूखात्यात जाऊन विचारा, किती जण कायम आहेत आणि किती ठेक्यावर.

इथे माझी संघटनांवर नाराजी आहे. मी त्यांचा सभासद होतो, १९७७ च्या ५४ दिवसांच्या संपाच्या आणि र. ग. कर्णिकांच्या गोष्टी ऐकत मोठा झालो. २०२३ च्या संपात शेजारी झाडू मारणाऱ्या ठेक्यावरच्या बाईची मागणी पहिल्या ओळीत नव्हती. रिकाम्या जागांचा विषय मागण्यांच्या यादीत होता, पण घोषणेत नव्हता. लोकांना घोषणाच ऐकू येते. संपाच्या दिवसांत अवकाळी पावसाने पिकं झोपली आणि पंचनाम्याला तलाठी नव्हता. शेतकऱ्याने त्यातून काय धडा घेतला असेल? लोकांची सहानुभूती अशी जाते, आणि ती गेली की ‘अर्ध्या पगारात आम्ही काम करतो’ म्हणणारी पोरं उभी राहतात. ती पोरं संघटनेची दुश्मन नव्हती. त्यांना आत यायला दारच नव्हतं.

शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये मधला मार्ग निघाला. केंद्राने एकीकृत पेन्शन योजना आणली आणि दुसऱ्याच दिवशी राज्य मंत्रिमंडळाने ती स्वीकारली. २५ वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी पेन्शन. कर्मचाऱ्याचे १० टक्के कापले जातात, सरकारचा वाटा त्याहून बराच मोठा आहे. मला हा तोडगा वाईट वाटत नाही. रक्कम आधी माहीत आहे आणि पैसे बाजूला ठेवले जातात.

आता ज्यासाठी मी हे सगळं सांगत आलो ते. माझे अब्बा या मंडईत केळी विकायचे. चाळीस वर्षं. त्यांनीही कर भरला, मी दाखवला तसा. त्यांना पेन्शन शून्य. आज त्यांच्यासारख्या माणसासाठी श्रावणबाळ आणि संजय गांधी निराधार योजना आहेत. महिना १५०० रुपये. अट अशी की कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला २१ हजारांच्या आत हवं. म्हणजे महिन्याला १७५० रुपये. या पुण्यात एवढ्यात कोण जगतं? मग दाखल्यासाठी खोटं बोलावं लागतं, किंवा एजंटला पैसे द्यावे लागतात. केळी विकणाऱ्याच्या करातून त्याच्या मुलाला पेन्शन मिळते आणि त्याला स्वतःला दाखला मिळत नाही. आपला राग या जागेवर यायला हवा, शिक्षकावर किंवा परिचारिकेवर नको.

‘सगळ्यांना पेन्शन कुठून देणार’ असं लगेच विचारलं जातं. महाराष्ट्राने हे कोडं याआधी दोनदा थोडंफार सोडवलंय. १९६९ चा माथाडी कायदा बघा. हमालाच्या मजुरीवर व्यापाऱ्याने ठरावीक टक्के लेव्ही भरायची, त्यातून हमालाचा भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी. तिजोरीवर बोजा नाही. पुण्यात बाबा आढावांच्या हमाल पंचायतीने हा कायदा लढून वापरायला शिकवला. दुसरं, व्यवसाय कर. १९७५ मध्ये तो आला तो रोजगार हमीसाठी. शहरातल्या पगारदाराने थोडं द्यायचं आणि दुष्काळातल्या मजुराला काम मिळायचं. माझ्या पगारातून तो कापला जायचा, वर्षाला २५०० रुपये. त्या एका कपातीबद्दल ऑफिसात कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

माझं स्वतःचं म्हणणं असं: ज्यांची पेन्शन एका मर्यादेच्या वर आहे, त्यांची महागाई भत्त्यातली वाढ काही वर्षं अर्धी करा आणि तो पैसा असंघटितांच्या पेन्शनमध्ये टाका. माझीही करा. हे मी आमच्या निवृत्तांच्या बैठकीत बोललो तेव्हा दोघे उठून गेले. एक जण अजून सलामालाही उत्तर देत नाही.

आणि आपण आता ज्या जागी आहोत तिची एक गोष्ट. मंडईचं मूळ नाव रे मार्केट, मुंबईच्या गव्हर्नरच्या नावावरून. १८८६ मध्ये ती उघडली. जोतीराव फुले त्याआधी नगरपालिकेचे सभासद होते, आणि एवढ्या खर्चाच्या इमारतीला त्यांचा विरोध होता. १८८० मध्ये व्हाइसरॉय लिटन पुण्यात येणार म्हणून हजार रुपये खर्च करायचा ठराव आला. ३२ सभासदांत एकटे फुले विरोधात गेले, हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर घाला म्हणाले. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला फुल्यांचं नाव मिळालं. अर्थसंकल्पावर बोलायला अर्थशास्त्राची पदवी लागते असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे हजार रुपये लक्षात ठेवावेत.

राज्याचा अर्थसंकल्प मराठीत छापलेला असतो, महापालिकेचाही. जाड असतो, पण शेवटी वहीखातंच आहे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी मी तो घेऊन बसायला तयार आहे. तुमच्यातल्या चार-पाच जणांनी आलं तरी पुरे. पहिल्या बैठकीत महापालिकेचा झाडूखात्याचा ठेका बघू: किती रुपये ठेकेदाराला जातात आणि किती त्या बाईच्या हातात पडतात.

मागच्या रांगेतल्या मुलाने मघापासून हात वर केलाय. बोल बेटा.