'पुढे पाठवा' म्हणणारी पोस्ट

चिखली असो की खामगाव, निवडणूक आली की ग्रुपवर अशा पोस्ट येतात: "आपल्या लोकांवर अन्याय! रक्त सळसळत असेल तर पुढे पाठवा."

यातून 'आपले', 'अन्याय', 'रक्त' काढून बघा. उरतं काय? फक्त 'पुढे पाठवा'. कोणी, कुठे, कधी केलं, याचा पत्ताच नाही.

१ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवण्याच्या अफवेवरून जमावाने भटक्या समाजातल्या पाच जणांना ठार मारलं. तो मजकूर राजकीय नव्हता, पण भीती आणि घाई अशीच होती.

म्हणून जी पोस्ट न पाठवणाऱ्याला गद्दार ठरवते, ती माहिती देत नाही, तुम्हाला वापरून घेते. खरी बातमी असेल, तर उद्याही खरीच राहील. तोवर बोट आवरा.