थकले पाय, हळवे कान आणि आपले देऊळ

(जीर्णोद्धारानिमित्त भरलेल्या ग्रामसभेतील भाषण)



शिखर, कळस आणि महाद्वार यांविषयी जाणत्या मंडळींनी पुष्कळ सांगितले आहे. मी सभामंडपाच्या आतल्या मांडणीविषयी चार शब्द सांगणार आहे. देवळात कोण सुखाने बसेल आणि कोण दारातून परत फिरेल, हे फरशी व दिवे निवडतानाच ठरत असते.

आपल्या जिल्ह्याला हा प्रश्न नवा नाही. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, आणि विठ्ठलाचे दार अस्पृश्य मानलेल्या बांधवांना उघडले. तो अडसर माणसांच्या मनातला होता. आज काही अडसर दगडाचे आणि आवाजाचे आहेत. ते आपल्या अजाणतेपणी उभे राहतात. हे कुणामुळे अडतात? एक आपली वृद्ध मंडळी, आणि दुसरी स्वमग्न मुले व माणसे.

स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. १९४३ साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांच्या निरीक्षणावरून तिचे वर्णन केले. ही मेंदूची जन्मापासूनची वेगळी ठेवण आहे. ती बाहेरची बाधा नव्हे. आईच्या मायेत उणीव राहिल्याने असे होते, हा जुना समजही शास्त्राने टाकून दिला आहे. अशा कित्येकांना आवाज, झगमगाट आणि गर्दीतला धक्का आपल्यापेक्षा फार तीव्र जाणवतो. आरतीच्या वेळी कान झाकून ओरडणारे मूल हट्टी नसते, त्याला त्या आवाजाचा खरोखरच त्रास होत असतो. लोक वळून पाहतात, म्हणून त्याची आई देवळात येणेच सोडते. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात ७ प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकार मानले व तिला त्यांत स्थान दिले.

कोणी विचारील, आजोबांना आवाज मोठा हवा आणि या मुलाला लहान. आजोबांना उजेड जास्त हवा आणि मुलाला कमी. मग एका मंडपात दोघांचे जमावे कसे? नीट पाहिले तर पुष्कळसे जमते.

आधी आवाज घ्या. गुळगुळीत फरशी, टाइल्सच्या भिंती आणि वर स्लॅब, अशा मंडपात शब्द घुमतो. आजोबांना कीर्तन कळत नाही ते बहुधा या घुमण्यामुळे. कर्णा मोठा केला की घुमणे आणखी वाढते. एका मोठ्या कर्ण्याऐवजी लहान आवाजाचे चार स्पीकर लावावेत, खाली सतरंज्या अंथराव्यात, भिंतींना जाड कापडी पडदे सोडावेत. सोलापूरसारखे कापडाचे गाव जवळ असताना हे अवघड नाही. विजेवरचा नगारा मंडपाबाहेर ठेवावा, आणि आरतीपूर्वी एक हलका टोला द्यावा, म्हणजे ज्याला बाहेर जायचे तो जाईल.

उजेडाचेही तसेच. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत आत पोचणारा प्रकाश विशीच्या मानाने सुमारे एक तृतीयांशच असतो. म्हणून उजेड भरपूर हवा. पण उघडा दिवा चकचकीत फरशीत चमकला की दोघांचेही डोळे दिपतात. दिवे झाकलेले व स्थिर असावेत. लुकलुकणारी रोषणाई अंगणात शोभेल.

फरशीविषयी माझा आग्रह आहे. अभिषेकाचे पाणी सांडलेल्या पॉलिशच्या ग्रॅनाइटवर वृद्धाचा पाय घसरला, तर खुब्याचे हाड मोडते, आणि मग कित्येकांचे अंथरूण सुटत नाही. दुधनीहून पुढे त्याच लोहमार्गावर शहाबाद आहे. तिथली खडबडीत फरशी पायाला धरते. प्रत्येक पायरीच्या कडेला वेगळ्या रंगाची पट्टी असावी. चौथरा दोन फूट उंच असेल, तर उतार चोवीस फूट लांब हवा, म्हणजे एका फुटाला बारा फूट. त्याहून खडा उतार चाकाच्या खुर्चीला धोक्याचा. उंबरठ्याला आपण नमस्कार करतो, तो राहू द्यावा. त्यावर ठेवता-काढता येणारी लाकडी उतरंडी करावी. उन्हाळ्यात अंगणात तळपाय भाजतात, तिथे काथ्याची पट्टी अंथरावी.

स्वमग्न माणसाला पुढे काय होणार हे आधी कळले की धीर येतो. आपल्या पूर्वजांच्या देवळात ही सोय आहेच: वेळ ठरलेली, प्रदक्षिणा एकाच दिशेने, देव सरळ समोर. तो क्रम मोडू नये. चपला, पाय धुणे, दर्शन, प्रदक्षिणा, तीर्थ अशी चित्रे दारात लावावीत, खाली मराठी व कन्नड अक्षरे. एक ओवरी मात्र शांत ठेवावी. तिथे कर्णा नको, फुलांची रास नको. पाठीला टेकू व हाताला आधार असलेली दोन बाकडी पुरेत. घाबरलेले मूल तिथे सावरेल आणि दमलेली आजीही तिथेच टेकेल.

देणगीदारांना शेवटची विनंती. कळसावर नाव असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. पण कळसाकडे माणूस दुरून पाहतो. कठडा तो रोज हातात धरतो. कुणी तरी या देवळाचा कठडा द्यावा, कुणी ती शांत ओवरी द्यावी. ज्या घरचे माणूस आजवर आरतीला येत नव्हते, ते येऊ लागले की जीर्णोद्धार पुरा झाला असे मी म्हणेन.