विलायतेतून काय आणावे?

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



'इंग्लंडमधील लोकजीवन' असा भारदस्त विषय चिटणीससाहेबांनी मला दिला आहे. मी काही समाजशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तिकडे काही वर्षे राहून जे पाहिले आणि त्यावर जी मते बनली, तीच तुमच्यापुढे ठेवणार आहे. पटतील ती घ्या, न पटतील ती येथेच सोडून जा.

आपल्या कोकणातल्या माणसाला विलायत नवी नाही. आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे आगबोटीवर खलाशी म्हणून लंडन-लिव्हरपूलच्या गोद्या पाहून आले. आज आपली काही मुले तिकडे स्थायिक झाली आहेत. त्यांच्यापैकी कोणी गावी यायला निघाला की इकडून यादी जाते: अत्तर, चॉकलेट, ब्लँकेट, मोबाईल. यादीला माझी हरकत नाही. पण त्या देशात आणण्याजोग्या वस्तूंपेक्षा आणण्याजोग्या सवयी अधिक आहेत, आणि त्यांना विमानात वजनाचे भाडेही पडत नाही.

प्रथम दवाखान्याची गोष्ट घेऊ, कारण 'तिकडे औषधपाणी फुकट असते' हे वाक्य आपल्याकडे फार ऐकू येते. ते पूर्ण खरे नाही. तेथील राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. आजारी माणूस आधी आपल्या वस्तीतल्या डॉक्टरकडे नाव नोंदवतो; तो तपासतो आणि गरज भासल्यास रुग्णालयाकडे चिठ्ठी देतो. तपासणीच्या वेळी खिशात हात घालावा लागत नाही, हे खरे. परंतु पैसे आधीच करांतून गेलेले असतात. इंग्लंडमध्ये औषधांच्या चिठ्ठीवर बहुतेक नोकरदारांना ठरावीक आकार द्यावा लागतो. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये तो नाही. २०१५ पासून दीर्घ मुदतीच्या व्हिसावर येणाऱ्यांकडून आरोग्याचा वेगळा अधिभार घेतला जातो. मुलाकडे चार दिवस पाहुणे म्हणून जाणाऱ्या आईबापांनी तर हे ध्यानात ठेवावेच की रुग्णालयात भरती व्हावे लागले, तर साधारणपणे त्याचे बिल येते. विमा उतरवल्याशिवाय जाऊ नका.

शिवाय तेथे थांबावे लागते. २०२२ साली एकट्या इंग्लंडमध्ये रुग्णालयीन उपचारांच्या प्रतीक्षायादीचा आकडा सत्तर लाखांच्या वर गेला होता. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन्महिने थांबलेली माणसे मी पाहिली आहेत. ती कुरकुर करतात, सरकारला नावे ठेवतात. पण ही सेवाच नको असे म्हणणारा मला क्वचितच भेटला. कारण घरात मोठे दुखणे आले म्हणून शेत विकावे लागत नाही की दागिना गहाण पडत नाही. या एका गोष्टीची किंमत आपल्याला वेगळी सांगायला नको.

आता ही सेवा ज्याने उभी केली त्या माणसाकडे पाहा. विद्यार्थ्यांनी हे विशेष लक्ष देऊन ऐकावे. त्याचे नाव अन्यूरिन बेव्हन. वेल्समधील ट्रेडेगर या खाणगावात एका खाणकामगाराच्या घरी १८९७ साली तो जन्मला. बोलताना अडखळत असे. तेराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो कोळशाच्या खाणीत उतरला. मग शिकला कोठे? गावातील कामगारांनी आपल्या मजुरीतून पैसे घालून एक वाचनालय चालवले होते. तेथे बसून बेव्हन वाचत राहिला. अडखळणारी जीभ त्याने सरावाने वळवली आणि पुढे पार्लमेंटातील नामांकित वक्त्यांत त्याची गणना झाली.

त्याच गावात कामगारांचे एक वैद्यकीय मदत मंडळही होते. प्रत्येकाच्या मजुरीतून पौंडामागे काही पेनी कापून घ्यायच्या आणि त्या निधीतून गावासाठी डॉक्टर, परिचारिका, औषधे यांची सोय करायची. आरोग्यमंत्री झाल्यावर बेव्हनने देशासमोर ठेवले ते बऱ्याच अंशी हेच, फक्त मोठ्या मापाने. म्हणजे ज्या योजनेचा इतका गवगवा होतो, तिचे एक मूळ लंडनच्या दरबारी नसून गरीब मजुरांच्या पैशा-पैशाच्या वर्गणीत आहे. आपली ही संस्थाही वर्गणीवरच उभी आहे. पावतीपुस्तक घेऊन कार्यकर्ता दारात आला की 'पुढच्या महिन्यात या' असे सांगण्यापूर्वी ट्रेडेगरच्या खाणकामगारांची आठवण ठेवावी, एवढीच विनंती.

वाचनालयाचा विषय निघालाच आहे. इंग्लंडमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा पहिला कायदा १८५० साली झाला, आणि १९६४ च्या कायद्याने चांगली ग्रंथालय सेवा देणे हे स्थानिक कौन्सिलचे कर्तव्यच ठरवले. तेथे पुस्तके उघड्या फडताळात असतात. मूल हवे ते काढते, जमिनीवर बसून चाळते, आवडले तर घरी नेते. १९९९ पासून उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी एक उपक्रम चालतो: सुट्टीत सहा पुस्तके वाचायची. बक्षीस म्हणाल तर एखादे पदक, एखादे प्रशस्तिपत्र. पण पोरे त्यासाठी आईला हाताला धरून ग्रंथालयात ओढून नेतात. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. २०१० नंतर पैशांच्या काटकसरीत शेकडो ग्रंथालये बंद पडली. काही ठिकाणी मात्र गावकऱ्यांनी किल्ल्या स्वतःकडे घेतल्या आणि पाळीपाळीने बसून ग्रंथालय चालू ठेवले.

आपल्या महाराष्ट्रातही सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ सालापासून आहे. कायद्यात आपण फार मागे नाही. मागे आहोत ते कपाटाच्या कुलपात. पुस्तके फाटतील, हरवतील या भीतीने आपल्याकडे कितीतरी शाळांतील कपाटे बंद राहतात आणि शेवटी पुस्तके वाळवी वाचते. मुलाच्या हातून फाटलेले पुस्तक निदान कोणीतरी उघडलेले तरी असते. ज्या धर्माच्या पहिल्या संदेशातच वाचण्याची आज्ञा आहे, त्याच्या अनुयायांनी पुस्तकाला कुलूप लावावे हे शोभत नाही.

टपालाची गोष्ट थोडक्यात सांगतो. पूर्वी पत्राचा आकार अंतरावर ठरे आणि बहुधा पत्र घेणाऱ्याला तो द्यावा लागे. गरीब माणूस पत्र परत पाठवी. रोलंड हिल यांच्या सूचनेवरून १८४० साली अर्ध्या औंसाच्या पत्राला देशात कोठेही एक पेनी, असा दर ठरला आणि जगातले पहिले चिकट तिकीट निघाले. त्यावर देशाचे नाव नव्हते, आणि ब्रिटनच्या तिकिटांवर ते आजही नसते. राजा-राणीची छबी पुरते. हेच टपाल खाते २०१३ साली खाजगी भागधारकांकडे गेले. तेव्हापासून तिकीट महागले आणि पत्र उशिरा येते ही तक्रार घरोघर ऐकू येते.

रोजच्या जीवनाबद्दल म्हणाल तर पहिली गोष्ट सूर्याची. डिसेंबरात लंडनला चार वाजण्यापूर्वीच सूर्य मावळतो. जोहर, असर आणि मगरिब एकामागोमाग येऊन उभ्या राहतात. जूनमध्ये रात्री नऊ वाजून गेले तरी उजेड असतो आणि त्या दिवसांत रमजान आला तर रोजा फार लांबतो. दुसरी गोष्ट म्हणजे नोकर नाही. भांडी, केर, कपडे, रंगकाम, नळाची दुरुस्ती हे सारे घरच्यांनीच करायचे. डॉक्टर असो की प्रोफेसर, ठरल्या दिवशी कचऱ्याचा डबा तो स्वतः रस्त्यावर आणून ठेवतो. आपल्याकडे ताटावरून उठून हात झटकणारा मुलगा तिकडे गेल्यावर महिन्याभरात भांडी घासायला शिकतो. तोच मुलगा सुट्टीत घरी आला की पुन्हा आईला हाक मारतो. ही सवय त्याने विमानतळावर का सोडून यावी, हे मला कळलेले नाही.

तेथून आणू नये असेही काही आहे. म्हातारी माणसे एकेकट्या घरात राहतात आणि दिवसच्या दिवस कोणाशी बोलत नाहीत. हा प्रश्न इतका वाढला की २०१८ साली सरकारला एकाकीपणाचे खाते एका मंत्र्याकडे सोपवावे लागले. आपल्या घरातील आजी-आजोबांच्या खाटेभोवती जी वर्दळ असते ती जपा.

आता छंद. इंग्रज माणसाला ओळखायचे तर त्याच्या कचेरीत नव्हे, त्याच्या परसात जावे. कोणी लोकर विणतो, कोणी लाकूड तासतो, कोणी माळ्यावर छोटी आगगाडी चालवतो. ज्याच्या घरामागे जागा नाही त्याला कौन्सिल माफक भाड्याने भाजीचा तुकडा देते. १९०८ च्या कायद्याने ती सोय करणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. पूर्ण तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटर, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. दुसऱ्या महायुद्धात अशा वाफ्यांनी त्या देशाला पोटभर भाजी पुरवायला हातभार लावला. आज तेथे आपल्या लोकांची मेथी आणि कोथिंबीरही दिसते. तुकडा मिळायला मात्र काही शहरांत वर्षानुवर्षे वाट पाहावी लागते. आपल्याकडे अडीच गुंठे परडे पुष्कळांच्या घरामागे रान माजवून पडलेले असते.

दुसरा छंद पक्ष्यांचा. १९७९ पासून तेथे दर जानेवारीच्या अखेरीस लोक आपल्या बागेत तासभर बसून पक्षी मोजतात आणि आकडे एका पक्षिसंरक्षण संस्थेला कळवतात. सुरुवातीला हा मुलांसाठीचा उपक्रम होता. आता लाखो माणसे त्यात भाग घेतात. अशा मोजणीतूनच तेथील घरचिमण्या तेव्हाच्या मानाने निम्म्याहून अधिक घटल्याचे ध्यानात आले. खर्च काय? एक वही, एक पेन्सिल आणि एक तास.

'छंदाने पोट भरते का?' असे पालक विचारतील. लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी आपल्या मुलांसाठी भोके पाडलेल्या पत्र्याच्या पट्ट्यांचे खेळणे केले आणि १९०१ साली त्याचे पेटंट घेतले. तेच पुढे मेकॅनो झाले. १९९६ सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवणारे हॅरी क्रोटो आपल्या शास्त्रीय घडणीचे श्रेय या खेळण्याला देत. पण इतक्या दूर कशाला जाता? मुंबईचे सालिम अली घ्या. १८९६ चा जन्म, आईबापांविना मामाकडे वाढलेला पोर. छर्‍याच्या बंदुकीने पाडलेली एक पिवळ्या गळ्याची चिमणी त्याने बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत नेली. तेथील मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलले नाही. चिमणीची ओळख सांगितली आणि पेंढा भरून ठेवलेले पक्षी दाखवले. त्या एका दुपारच्या आपुलकीतून देशाला पक्षितज्ज्ञ मिळाला. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पोर दारात चिमणी घेऊन आले तर त्याला 'अभ्यास कर' म्हणून पिटाळणारे आपण, की आत बोलावणारे मिलार्ड, एवढेच आपल्याला ठरवायचे आहे.

वय झाले म्हणून शिक्षण संपत नाही, हेही तेथून घ्यावे. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी १९७१ साली शिकू लागले. आपल्याकडे नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आहे. लग्न झाले म्हणून ज्या मुलींची पुस्तके माळ्यावर गेली, त्यांच्या सासू-सासऱ्यांनी ती खाली काढून द्यावीत.

शेवटी माझ्या मागण्या तीन. शिक्षकांनी वाचनालयाचे कपाट आठवड्यातून दोन दिवस उघडे ठेवावे आणि फाटलेल्या पुस्तकाचा हिशेब मुलांकडे मागू नये. पालकांनी सुट्टीत मुलाला परड्यात एक वाफा तोडून द्यावा आणि त्यात तो काय लावतो हे त्याच्यावर सोपवावे. विद्यार्थ्यांनी येत्या रविवारी तासभर अंगणात बसून पक्षी मोजावेत आणि आकडे वहीत लिहून शाळेत आणावेत. यातल्या एकाही गोष्टीला व्हिसा लागत नाही.

अल्लाह आपल्या मुलामुलींच्या इल्ममध्ये आणि या संस्थेच्या कार्यात बरकत देवो.