घोषणेतून वगळलेले सरकार

२२ जानेवारी २०१५ रोजी पानिपत येथे ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ योजना सुरू झाली. तिच्या घोषणेची रचना पाहण्याजोगी आहे. दोन आज्ञा, सहज ओठांवर बसणारा ताल. आज्ञा मात्र आईबापांना! शाळा काढणारे, शिक्षक नेमणारे सरकार त्या वाक्यात नाही. ते केवळ उपदेशक. मुलगी शिकली नाही, तर दोष घराचा, हे न बोलताच ठसते. २०१६ ते २०१९ या काळात दिलेल्या ४४६.७२ कोटी रुपयांपैकी ७८.९१ टक्के रक्कम प्रचारावरच खर्च झाल्याचे संसदीय समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले. भिंतीवरील घोषणेने दूरची शाळा जवळ येत नाही. कार्यकर्त्यांनी प्रत्येक सरकारी जाहिरातीला विचारावे : कर्तव्य कोणाचे सांगितले, कोणाचे लपविले?